गाव वाढते तेव्हा रस्त्यांचे जोड कुठे तुटतात

उदगीरहून एका गृहस्थांनी प्रश्न विचारला आहे. ते शहराच्या कडेला काही वर्षांपूर्वी पडलेल्या एका कॉलनीत राहतात. मुलांची शाळा त्यांच्या गच्चीवरून दिसते, पण मागे शेजारच्या कॉलनीची भिंत आहे. त्यामुळे मुलांना आधी मुख्य रस्त्यावर यावे लागते, तेथून ट्रकच्या वर्दळीतून पुढच्या कमानीपर्यंत चालावे लागते आणि मग पुन्हा आत वळावे लागते. त्यांचे बालपण जुन्या गावात गेले. तेथे गल्ल्या अरुंद असल्या तरी कोठूनही कोठेही जाता येत असे. ते विचारतात, "नव्या भागात रस्ते दुप्पट-तिप्पट रुंद असूनही अडकल्यासारखे का वाटते? शहर आणखी वाढले की हे आपोआप सुधारेल का? भिंतीत वाट मागितली तर कॉलनीतलेच लोक विरोध करतात, त्यांचे म्हणणे चूक आहे का?"

प्रश्न तीन दिसत असले तरी त्यांचे मूळ एकच आहे. रस्त्याची रुंदी आणि रस्त्यांची जोडणी या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याकडे मोजली जाते ती बहुधा फक्त रुंदी. प्लॉट घेताना रस्ता किती फुटांचा, सिमेंटचा की डांबरी, हे सगळे विचारतात. तो रस्ता पुढे कशाला जाऊन मिळतो, हे क्वचितच कोणी विचारते. मी मराठवाड्यात अभिन्यास, म्हणजे ज्याला सर्वजण लेआऊट म्हणतात ते, आखण्याचे आणि नगरपालिकांच्या विकास योजनांसाठी जागेवर पाहणी करण्याचे काम करत आलो आहे. त्यातून माझे असे ठाम मत झाले आहे की, आपली गावे वाढताना रस्ते तेवढे कमी पडत नाहीत, जेवढे रस्त्यांना जोडणारे आडवे दुवे कमी पडतात. हे दुवे जवळजवळ नेहमी एकाच ठिकाणी तुटतात, ते म्हणजे दोन मालकांच्या मधल्या बांधावर.

तुमच्या बाबतीत नेमका उपाय कोणता, हे काही गोष्टींवर अवलंबून राहील. भिंत कोणाच्या जागेवर आहे, मंजूर नकाशात तेथे रस्ता दाखवला आहे का, मधून नाला जातो का, आणि दोन्ही वस्त्या मंजूर अभिन्यासाच्या आहेत की गुंठेवारीच्या, हे पाहिल्याशिवाय ठाम सांगता येणार नाही. मात्र असे का घडते हे सगळीकडे सारखेच आहे, म्हणून आधी ते मांडतो.

गावठाणातल्या गल्ल्या कोणी नकाशावर आखल्या नव्हत्या. विहीर, मारुतीचे देऊळ, चावडी, वेस आणि बाजार या ठिकाणी रोज पायी जावे लागे; ज्या वाटेने लोक जात, ती सोडून घरे उभी राहिली. चालणाऱ्या माणसाला वळसा परवडत नाही, म्हणून थोड्या थोड्या अंतरावर एक बोळ फुटलेला दिसतो. जुन्या गावाचे गुणगान करण्याचा माझा हेतू नाही. भावकीच्या वाड्यांमध्ये बंद बोळ तेव्हाही होते, आणि वेशीबाहेरच्या वस्तीला गावात येण्यासाठी एकच वाट ठेवण्याची रीत तर उघड उघड माणसे दूर ठेवण्यासाठीच होती. जुन्या गावाकडून घ्यायचे ते एवढेच, की दोन वळणांमधले अंतर लहान असले तर रुंदी कमी असूनही माणूस अडकत नाही.

पुढच्या टप्प्यात बाजारपेठांची गावे आली. लातूरची गंज गोलाई हे त्याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण. मधोमध जगदंबेचे मंदिर, भोवती गोलाकार बाजार आणि त्यातून फुटणारे १६ रस्ते. मोंढ्यात माल आणायचा आणि तेथून बाहेर न्यायचा, या कामासाठी अशी रचना उत्तम होती. इतर गावांतही चारी दिशांचे रस्ते असेच मध्यभागी येऊन मिळाले. परभणीत जिंतूर रोड, वसमत रोड, गंगाखेड रोड, आणि बीडमध्ये बार्शी रोड, नगर रोड, जालना रोड. रस्त्याची नावेच सांगतात की तो बाहेरगावी जाण्यासाठी आहे. शहराची वाढ मात्र याच रस्त्यांच्या कडेने झाली, कारण एस.टी., वीज आणि दुकाने तेथेच होती.

आडव्या रस्त्यांची गरज येथून सुरू होते, आणि ती भूमितीने सिद्ध करता येते. गावाच्या मध्यातून सहा रस्ते सारख्या कोनांत फुटले आहेत असे समजा. मध्यापासून १ किलोमीटरवर शेजारच्या दोन रस्त्यांमधले सरळ अंतर १ किलोमीटर असते. गाव वाढत ३ किलोमीटरपर्यंत गेले की तेच अंतर ३ किलोमीटर होते. म्हणजे गाव जितके पसरेल तितकी या दोन रस्त्यांमधली पोकळी रुंदावते. तेथे एकमेकांना जोडणारे रस्ते वेळेवर झाले नाहीत, तर एका रस्त्यावरच्या माणसाला दुसऱ्या रस्त्यावर जाण्यासाठी मध्यवर्ती चौकात यावेच लागते. जिल्ह्याच्या गावांतल्या मुख्य चौकांत जी कोंडी होते, तिच्यातली बरीच वाहने तेथे काहीही काम नसलेल्या माणसांची असतात. त्यांना दुसरी वाटच नसते. अशा ठिकाणी चौक रुंद केला तर काही काळ बरे वाटते, पण कोंडीचे कारण चौकात नसून ३ किलोमीटर दूर, न झालेल्या आडव्या रस्त्यात असते.

ही पोकळी भरते ती शेतांनी. नेमके कसे, ते जरा जवळून पाहू, कारण तुमची भिंत येथेच उभी राहिली आहे. आपल्याकडे शहरालगतची जमीन एकाच वेळी एकाच्या हातून विकसित होत नाही. वाटण्या होऊन गट नंबरांचे लांबट पट्टे पडलेले असतात. एक भाऊ आज अकृषिक परवानगी घेतो, दुसरा दहा वर्षांनी घेतो, आणि तिसऱ्याचा दावा दिवाणी न्यायालयात चालू असतो. प्रत्येक जण मुख्य रस्त्यावरून आपल्या पट्ट्यात एक रस्ता आत घेतो, त्याला दोन्ही बाजूंनी गल्ल्या फोडतो आणि आपल्या बांधाला आला की थांबतो. प्रत्येक शेताने आपापल्या विहिरीवरून वेगळा पाट काढावा आणि शेजारच्या पाटाशी त्याचा काहीही संबंध नसावा, तशी ही रचना होते.

एक हिशेब करून दाखवतो. सुमारे ७ एकरांचा अभिन्यास घ्या, १४० मीटर रुंद आणि २०० मीटर खोल. मधोमध २०० मीटरचा रस्ता, त्याला दर ४० मीटरवर दोन्हीकडे ७० मीटरची गल्ली, अशा पाच जोड्या, म्हणजे दहा गल्ल्या. लगतच तसाच दुसरा अभिन्यास आहे. पहिल्यातल्या शेवटच्या गल्लीच्या टोकाचे घर आणि दुसऱ्यातल्या समोरच्या गल्लीच्या टोकाचे घर यांच्यात फक्त एक भिंत आहे. पण एका घरातून दुसऱ्या घरात जायचे तर गल्लीचे ७० मीटर, मधल्या रस्त्याचे २००, मुख्य रस्त्यावरचे १४०, पुन्हा आत २०० आणि ७०, असे ६८० मीटर चालावे लागते. त्यातले १४० मीटर ट्रक-टिप्परच्या रस्त्यावरचे असतात. सात वर्षांच्या मुलीला दप्तर घेऊन हे अंतर दिवसातून दोनदा चालायचे असते.

नगररचनेत जोडणी मोजण्याची एक साधी रीत आहे. चौक आणि बंद टोके मिळून किती बिंदू आहेत ते मोजायचे, त्यांना जोडणारे रस्त्याचे तुकडे मोजायचे, आणि तुकड्यांच्या संख्येला बिंदूंच्या संख्येने भागायचे. वरच्या एका अभिन्यासात प्रवेशाचा एक, पाच चौक आणि दहा बंद टोके असे १६ बिंदू आणि १५ तुकडे आहेत. उत्तर एकापेक्षा कमी येते. एकाहून कमी उत्तर म्हणजे कोठेही जायला एकच वाट आहे, दुसरी नाही. चौकटीसारख्या पूर्ण जोडलेल्या रस्त्यांमध्ये हे उत्तर दोनच्या जवळ जाते, आणि १.४ च्या पुढे गेले तर जोडणी बरी मानली जाते. आता या दोन अभिन्यासांमधल्या पाच समोरासमोरच्या गल्ल्या नुसत्या एकमेकींना मिळवल्या, बाकी एक फूटही रस्ता वाढवला नाही, तर दोन प्रवेशांमधला मुख्य रस्त्याचा तुकडा धरून दोन्ही मिळून २२ बिंदू आणि २६ तुकडे राहतात, उत्तर १.१८ येते. रुंदी तीच, जमीन तीच, खर्च जवळजवळ नाही, आणि दोन्ही वस्त्यांचे स्वरूप बदलते.

मग हे होत का नाही? टोकाच्या प्लॉटमुळे. गल्ली बांधापर्यंत नेण्याऐवजी १५ मीटर अलीकडे थांबवली, तर ९ मीटर रुंद आणि १५ मीटर खोल असा एक प्लॉट विक्रीला मिळतो, सुमारे साडेचौदाशे चौरस फुटांचा. पाच गल्ल्यांना पाच प्लॉट. शहरालगतच्या आजच्या भावात ही रक्कम लहान नाही, आणि ती सोडावी असे मालकाला सांगणे सोपे नसते. शिवाय शेजारी अजून ज्वारी-सोयाबीन उभे असते, त्यामुळे "पुढे काहीच नाही, रस्ता कशासाठी न्यायचा?" हा प्रश्न त्या दिवशी रास्तही वाटतो. तरी माझा आग्रह असतो की, निदान दर दोन-तीन गल्ल्यांमागे एक गल्ली बांधापर्यंत गेलीच पाहिजे, आणि नकाशावर तिच्या टोकाला 'भावी रस्ता' असे स्पष्ट लिहिले पाहिजे. शेजारचा गट जेव्हा मंजुरीला येईल, तेव्हा तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या हातात तेवढाच पुरावा असतो.

नियमांत ही तरतूद नाही असे नव्हे. डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतेक भागाला लागू झालेल्या एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत, अभिन्यासाला परवानगी देताना लगतच्या जमिनींतल्या रस्त्यांशी समन्वय साधणे आवश्यक आहे, असे म्हटले आहे. रस्त्याची लांबी जशी वाढेल तशी रुंदीही वाढवावी लागते. १५० मीटरपर्यंत ९ मीटर, त्यापुढे ३०० मीटरपर्यंत १२ मीटर. रुंदीचा नियम फूटपट्टीने तपासता येतो, म्हणून तो पाळला जातो. समन्वयाचा नियम तपासायचा तर शेजारच्या चार गटांचे नकाशे एकत्र टेबलावर ठेवावे लागतात, आणि लहान नगरपालिकांमध्ये त्यासाठी पुरेसे मनुष्यबळ नसते. तुमची कॉलनी २०२० च्या आधीची असेल, तर तिला त्या वेळचे नियम लागू असतील, हेही लक्षात ठेवा.

गुंठेवारीत हा प्रश्न आणखी कठीण होतो. शेतजमिनीचे गुंठा-दोन गुंठ्यांचे तुकडे मुद्रांकावर विकले गेले, मध्ये जेमतेम गाडी जाईल एवढी वाट सोडली, आणि लोकांनी आयुष्यभराची कमाई घालून घरे बांधली. २००१ च्या गुंठेवारी अधिनियमाने अशी बांधकामे नियमित करण्याचा मार्ग दिला, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना तो खुला केला. त्या कुटुंबांना कायदेशीर आधार मिळणे गरजेचेच होते. पण नियमितीकरणाने रस्ता रुंद होत नाही किंवा नव्याने जोडला जात नाही. आहे ती रचना कायम होते. छत्रपती संभाजीनगरात हा फरक एकाच शहरात पाहता येतो. सिडकोने आखलेल्या भागात लहान रस्ते मोठ्यांना आणि मोठे जालना रोडला ठरलेल्या क्रमाने मिळतात. गुंठेवारीच्या वस्त्यांत मात्र शेताचा बांध होता तेथेच गल्ली संपते, आणि नकाशा नसतानाही जुन्या शेतांचे आकार घरांच्या रांगांवरून ओळखता येतात.

येथे एक इशाराही देतो. चौकटीचे रस्ते आखले की काम झाले, असे मानणेही चुकीचे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत पन्नासहून अधिक गावे नव्या जागी वसवली गेली. त्यांतल्या अनेक गावांत सरळ, रुंद, काटकोनात मिळणारे रस्ते आहेत. वरच्या भागाकाराने पाहिले तर जोडणी उत्तम. पण ही गावे जुन्या गावांच्या कित्येक पट जागेत पसरली. देऊळ, दुकान, शाळा, शेत सगळेच लांब गेले, आणि ओट्यावर बसून दिसणारी भावकी विखुरली. पडझडीच्या भीतीने लोकांना घरे दूर दूर हवी होती, हे समजण्यासारखे आहे. तरी त्यातून शिकायचे ते हे, की जोडांची संख्या आणि दोन जोडांमधले अंतर या दोन्ही गोष्टी पाहाव्या लागतात. पायी चालणाऱ्यासाठी शंभर-सव्वाशे मीटरच्या आत एखादे वळण मिळाले पाहिजे, असा मी आखताना धरत आलेला अंदाज आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न, शहर वाढले की हे आपोआप सुधारेल का? माझे उत्तर नाही असे आहे, आणि ते मी विचारपूर्वक देतो. घरे पाडून पुन्हा बांधली जातात, दुकानांचे मजले चढतात, पण रस्त्याची रेषा एकदा पडली की पिढ्यानपिढ्या हलत नाही, कारण तिच्या दोन्ही बाजूंच्या प्रत्येक फुटाला एकेक मालक असतो. शेत असताना एका मालकाची संमती पुरते. प्लॉट विकल्यावर चाळीस जणांची लागते. अमेरिकेतल्या रस्त्यांच्या अभ्यासातूनही असेच दिसले की, विसाव्या शतकात नव्या वस्त्यांची जोडणी घटत जाऊन १९९० च्या दशकाच्या मध्याला तळाला गेली आणि नंतर नव्या वस्त्यांमध्ये सुधारली, पण मधल्या काळात बंद गल्ल्यांच्या म्हणून वसलेल्या वस्त्या तशाच राहिल्या.

विकास योजनेतला रस्ता, ज्याला आपण डीपी रस्ता म्हणतो, तो नकाशावर आहे म्हणून लोक निश्चिंत असतात. तशी निश्चिंती बाळगू नये. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार योजना अंतिम होऊन १० वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर त्या जागेवरचे आरक्षण संपुष्टात येऊ शकते. प्रत्यक्षात डीपी रस्ता तुकड्यातुकड्याने होतो. ज्या गटात अभिन्यास पडला तेवढा तुकडा तयार होतो, मधला गट पडीक किंवा वादात असेल तर तेथे शंभर मीटर काटेरी बाभळी राहतात, आणि दोन्ही बाजूंचे डांबरीकरण झालेले तुकडे वर्षानुवर्षे एकमेकांना मिळत नाहीत. नगरपालिकेने नवे रस्ते रुंद करण्यापेक्षा असे शंभर-शंभर मीटरचे राहिलेले तुकडे आधी जोडावेत, कारण इतक्या कमी पैशांत एवढा फायदा देणारे दुसरे काम मला माहीत नाही.

अनेक गटांची पुनर्रचना एकदम करायची असेल, तर त्याच कायद्यात नगररचना परियोजनेचा मार्ग आहे. सगळ्यांच्या जमिनी एकत्र धरायच्या, रस्ते आणि मैदाने आधी आखायची आणि उरलेली जमीन प्रत्येकाला नीट आकाराच्या भूखंडात परत द्यायची. जुन्या मुंबई प्रांतात १९१५ च्या कायद्यापासून अशा योजना झाल्या. आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे तो अनुभव येथे रुजला नाही, आणि आजही मराठवाड्यातल्या नगरपालिका या मार्गाला क्वचितच जातात.

बांधांपेक्षा मोठे अडथळे नदी, रेल्वे आणि महामार्गांचे. जालन्यात जुना आणि नवा जालना यांच्या मधून कुंडलिका वाहते. दोन्ही बाजूंच्या गल्ल्या कितीही चांगल्या जोडल्या, तरी अखेर सगळे पुलांवरच येऊन मिळतात. छत्रपती संभाजीनगरात रुळांच्या दक्षिणेला सातारा-देवळाई परिसर वाढला, आणि तेथल्या लोकांना उत्तरेकडच्या शहरात येण्यासाठी मोजक्याच जागांवरून रूळ ओलांडावे लागतात. वळण रस्त्यांचेही तसेच आहे. गावाबाहेरून जड वाहतूक जावी म्हणून बायपास होतो, दहा वर्षांत गाव त्याच्या पलीकडे पसरते, आणि मग दुभाजकामुळे तोच बायपास गावाचे दोन भाग करतो. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गासारखा बंदिस्त रस्ता जालना आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतून जातो. त्याच्या खालून जाणारे मार्ग आज शेतकऱ्यांच्या वाटा वाटत असले, तरी उद्या वस्ती वाढल्यावर त्याच जागा जोड म्हणून उपयोगी पडतील. त्यांच्या तोंडाशी कोणी प्लॉट पाडत असेल, तर ग्रामपंचायतीने आजच हरकत घ्यावी.

बंद गल्लीचा तोटा चालण्यापुरताच नाही. उन्हाळ्यात टँकर येतो तेव्हा तो गल्लीत सरळ शिरतो आणि मागे मागे घेत बाहेर काढावा लागतो. घंटागाडी टोकापर्यंत जात नाही, मग टोकाच्या घरांसमोर कचरा साचतो. लग्नाचा मांडव पडला की आतल्या सगळ्यांची वाट बंद, आणि त्याच वेळी रुग्णवाहिका लागली तर काय करायचे? पाण्याची जलवाहिनीही रस्त्याखालूनच जाते. रस्ता जेथे संपतो तेथे तीही संपते. अशा बंद टोकाला पाण्याचा दाब कमी मिळतो आणि पाणी साचून राहते. वाहिन्या एकमेकींना जोडता आल्या तर पाणी दोन बाजूंनी येऊ शकते आणि दुरुस्तीच्या वेळी सगळी वस्ती कोरडी पडत नाही. आठ-दहा दिवसांनी पाणी येणाऱ्या आपल्या गावांत हा मुद्दा मी नेहमी सर्वांत आधी मांडतो, कारण तो विरोध करणाऱ्यांनाही लगेच पटतो.

आता तुमच्या कॉलनीतल्या विरोधाबद्दल. त्यांचे म्हणणे मी चूक म्हणणार नाही. आज त्यांच्या गल्लीत मुले खेळतात, बाहेरची वाहने येत नाहीत, रात्री कोण आले-गेले ते कळते. भिंत पाडून नऊ मीटरचा रस्ता सरळ केला, तर मुख्य रस्त्याची कोंडी चुकवणारे दुचाकीस्वार त्यातून सुसाट जाऊ लागतील, ही भीती खरी आहे, विशेषतः आजूबाजूला अशी एकच वाट खुली असेल तर. दहा वाटा खुल्या असतात तेथे वाहतूक विभागली जाते. एकच खुली केली तर सगळा भार तिच्यावर येतो. म्हणून मी अशा ठिकाणी पूर्ण रस्ता न मागता पायी आणि सायकलीची वाट मागायला सांगतो. भिंतीत दीड-दोन मीटरची मोकळी जागा, मध्ये एक पक्का खांब, दोन्हीकडे चाकाची खुर्ची जाईल एवढे अंतर, वर एक दिवा. दुचाकी यातून जाऊ शकेल हे मान्य करा, पण वळण तिरके ठेवले तर तिला वेग घेता येत नाही. चोरीच्या भीतीला उत्तर दिवा आणि वर्दळ हेच आहे. निर्मनुष्य बंद टोकापेक्षा शाळेच्या मुलांची ये-जा असलेली वाट अधिक सुरक्षित असते, असे माझे निरीक्षण आहे. रात्री दहा ते पहाटे पाच फाटक लावण्याची तडजोड करावी लागली तरी हरकत नाही, मात्र किल्ली कोणाकडे राहील हे लेखी ठरवून घ्या, नाहीतर एक दिवस फाटक लागते आणि उघडतच नाही.

प्रत्यक्ष काम कोठून सुरू करायचे? आधी कागद गोळा करा. तुमच्या आणि शेजारच्या, दोन्ही अभिन्यासांच्या मंजूर नकाशांच्या प्रती नगरपालिकेकडून घ्या. सहज मिळाल्या नाहीत तर २००५ च्या माहिती अधिकारात मागा. भिंत जेथे आहे तेथे कोणत्याही एका नकाशात रस्ता बांधापर्यंत दाखवलेला असेल, तर तुमचे काम निम्मे झाले. मंजूर रस्त्यावर भिंत म्हणजे अतिक्रमण, आणि ते काढण्यासाठी मुख्याधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. त्याच वेळी रस्त्यांचे आणि खुल्या जागेचे नगरपालिकेकडे हस्तांतर झाले आहे का तेही पाहा. सात-बारावर किंवा मिळकत पत्रिकेवर ते अजून मूळ मालकाच्या नावावर असतील, तर आधी नोंद बदलून घ्या. नोंद राहून गेली की मालकाचे वारस ती जागा पुन्हा विकू पाहतात, असे प्रकार घडतात.

मग भूमी अभिलेख कार्यालयातून जुना गाव नकाशा काढा. कॉलनी होण्यापूर्वी तेथून शेतात जाणारी वाट होती का, ते त्यात दिसेल. एकेरी तुटक रेषा म्हणजे पायवाट, दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग. मराठवाड्यातल्या किती तरी पाणंदी आणि शिवरस्ते अशा रीतीने प्लॉटांखाली गेले आहेत. हे रस्ते नदी-नाल्यांच्या सोयीच्या उताराने, एका गावाहून दुसऱ्या गावाला आडवे जात, म्हणजे शहराला आज जे आडवे दुवे हवेत ते आपल्याकडे आधीपासून होते. नकाशावर अशी वाट सापडली, तर मोजणी मागून ती जागेवर निश्चित करून घ्या. येथे एक गैरसमज दूर करतो. जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ नुसार आणि १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमानुसार तहसीलदार रस्ता देतात किंवा अडवलेला रस्ता खुला करतात, हे खरे आहे, पण त्या तरतुदी शेतीच्या वहिवाटीसाठी आहेत. कॉलनीतल्या रहिवाशांनी त्यांच्यावर भिस्त ठेवू नये. तुमचा अर्ज नगरपालिकेकडेच जायला हवा.

दोन्ही नकाशांत रस्ता नसेल आणि भिंत शेजाऱ्याच्या मालकीच्या प्लॉटवर असेल, तर सक्तीचा मार्ग जवळजवळ उरत नाही. तेव्हा दोन्ही वस्त्यांच्या खुल्या जागा एकमेकींना लागून आहेत का ते पाहा. अभिन्यासात १० टक्के जागा खुली ठेवावी लागते आणि ती अनेकदा बांधालगतच्या वेड्यावाकड्या कोपऱ्यात टाकलेली असते. एरवी ही मोठी उणीव. अशा प्रसंगी मात्र दोन खुल्या जागांमधून पायवाट काढण्यासाठी कोणाचाही प्लॉट लागत नाही, फक्त दोन्ही सोसायट्यांचे ठराव आणि नगरपालिकेची संमती लागते. मध्ये नाला असेल तर पूररेषा पाहून लहान पायपूल मागावा. नाल्यात भराव टाकून वाट करू देऊ नका, पहिल्याच मोठ्या पावसात पाणी दोन्हीकडच्या घरांत शिरेल.

याच्या जोडीला आणखी एक काम आजच करा. तुमच्या कॉलनीच्या उरलेल्या बाजूंना अजून शेत असेल, तर त्या गटांचे क्रमांक लिहून घ्या आणि नगरपालिकेच्या बांधकाम विभागाला व जिल्ह्याच्या नगररचना कार्यालयाला एकच अर्ज द्या, की या गटांत अभिन्यास मंजूर करताना आमच्या अमुक गल्ल्यांशी रस्ते जोडूनच मंजुरी द्यावी. अर्जासोबत तुमचा मंजूर नकाशा लावा, त्यावर गल्ल्यांची टोके लाल शाईने दाखवा, मुलांच्या आजच्या वाटेची मोजलेली लांबी आणि जोड मिळाल्यावर होणारी लांबी शेजारी शेजारी लिहा, आणि आवक क्रमांकाची पोच घ्या. मंजुरीनंतर आलेल्या तक्रारीला फारसा अर्थ राहत नाही. मंजुरीआधी फाईलमध्ये बसलेला असा अर्ज मात्र तपासणाऱ्या अधिकाऱ्याला उत्तर देऊनच पुढे न्यावा लागतो.